पाच तासांची तूट

पहिल्या तासाला मी वर्गात एक कागद वाटतो. हजेरी 75 टक्के. दहा मिनिटांनंतर दार बंद. मोबाईल दप्तरात. तारखेनंतर सबमिशन घेतले जाणार नाही. खाली विद्यार्थ्याची सही. बीकॉमच्या मुलांना कॉस्टिंग शिकवायला लागल्यापासून हा कागद वाटतो आहे. त्यावर माझी सही कुठेच नाही, हे लक्षात यायला मात्र एक रात्रपाळी आडवी यावी लागली.

ही रात्रपाळी चिंचोळी एमआयडीसीतली. सोलापूरहून पुणे रस्त्याला लागलं की केगावला विद्यापीठ लागतं, आणि त्याच्या पुढे, मोहोळ तालुक्यात, चिंचोळी. इथे कॅमशाफ्टपासून रसायनांपर्यंत बरंच काही तयार होतं. सकाळी सातला पाळी सुटते, कामगारांच्या बस विद्यापीठाच्या दारावरून शहराकडे येतात. त्यातल्याच एका बसमधून उतरून एक मुलगा थेट माझ्या आठच्या तासाला यायचा. तिसरा बाक, भिंतीकडची बाजू. नखांत काळं, शर्टाला कूलंटचा आंबूस वास. पाच मिनिटांत मान खाली.

“झोपायचं तर घरी झोप की,” मी एकदा म्हणालो.

“घरी झोपलो तर प्रेझेंटी जाते, सर.”

वर्ग हसला. मीही हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

सत्राच्या शेवटी डिफॉल्टर लिस्ट लागली, त्यात त्याचं नाव होतं. तो माझ्याकडे आला, पण सवलत मागायला नव्हे. वहीच्या मागच्या पानावर त्याने हिशेब मांडून आणला होता. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. दर आठवड्याला पाळी बदलते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप मोडून येता येतं. पहिल्या पाळीला मात्र यायची सोयच नाही. म्हणजे तीनातला एक आठवडा गेला. चार क्रेडिटच्या विषयाचे 60 तास, त्याचे 75 टक्के म्हणजे 45. एकही तास न बुडवता त्याला जास्तीत जास्त गाठता येणार होते 40. कॉलेज सुरू झालं त्या दिवशीच तो पाच तासांनी नापास होता.

यातली मेख अशी, की याचं उत्तर मी स्वतःच शिकवत होतो. मजुरीच्या खर्चात ‘आयडल टाइम’ नावाचा भाग असतो. गेटपासून मशीनपर्यंत जाण्यात, टूल बदलण्यात जाणारा वेळ ‘नॉर्मल’. कामाच्या स्वरूपातच असतो, म्हणून तो खर्चात सामावून घ्यायचा. वीज गेली, मशीन मोडलं, संप झाला, तर तो ‘अॅबनॉर्मल’. तो उत्पादनाच्या माथी मारायचा नाही, थेट नफातोट्याच्या खात्यात टाकायचा. हा भाग चालू असताना तो मुलगा टक्क जागा होता, आणि टूल सेटिंगचं उदाहरण त्यानेच दिलं. त्याचे बुडालेले 20 तास मात्र आम्ही आळसाच्या खात्यात टाकले.

तरीही ‘हजेरीच काढून टाका’ म्हणणाऱ्यांत मी नाही. हजेरीच नको असेल तर 1989 पासून नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहेच, आणि नोकरी करून शिकणाऱ्यांना त्याचा आधारही मोठा आहे. या मुलाला मात्र बाक हवा होता, शंका विचारायला शेजारी हवा होता. प्रश्न वेळापत्रक कुणाच्या दिवसावर बेतायचं हा आहे. 1855 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-कामगारांसाठी शाळा काढली ती रात्रीची. शिकणाऱ्याचा दिवस आधी पाहिला, घंटा मागून बांधली. कर्मवीरांनी ‘कमवा आणि शिका’मध्ये कामच संस्थेच्या आवारात आणलं. आमच्या गावाला मात्र वेळेची शिस्त लावली ती गिरणीने. 1877 मध्ये जुनी गिरणी सुरू झाली आणि पुढे अख्खं सोलापूर भोंग्यावर उठायला लागलं. गिरण्या गेल्या, भोंगा कॉलेजात राहिला.

गिरणीत ‘बदली’ कामगार असायचा. कायम माणूस आला नाही की त्याच्या मागावर उभा राहायचा, आणि कापड निघायचं. आमच्या वर्गातली प्रॉक्सी ही त्याची विटंबना आहे: नाव पुकारलं जातं, ‘येस सर’ येतं, आणि माग रिकामाच. नुसती हजेरी मोजली की हेच हाती लागतं.

उशिराचं मी त्या मुलाकडूनच शिकलो. एकदा तो साडेआठला दारात उभा. “रिलीव्हर आला नव्हता, सर.” पुढच्या पाळीचा माणूस येईपर्यंत मशीन सोडता येत नाही. म्हणजे तिथे उशिराला चेहरा असतो. तुमच्या उशिरापायी कुणीतरी बारा तास उभा राहतो. माझ्या वर्गात उशीर झाला तर अडतं कुणाचं? फक्त माझ्या कागदाचं. मग मी जोड्या लावल्या. एकाने खर्चपत्रक अर्ध्यापर्यंत आणायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं. जोडीदार आला नाही की दुसऱ्याचं पान कोरं राहतं. पोरं आता एकमेकांना फोन करून उठवतात. सगळी नव्हे. पण माझ्या दाराला कडी लागायची तेव्हापेक्षा जास्त.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिट आहेत. त्यासाठी आम्ही मुलांना एमआयडीसीत पाठवतो, पत्रं देतो, फोटो काढतो. ठेकेदाराच्या मस्टरवर आधीपासूनच तिथे उभा असलेला मुलगा आमच्या लेखी शिकतच नसतो. ते काम क्रेडिटला धरावं म्हणून मी दोनदा अर्ज केला. फाईल ‘विचाराधीन’ आहे.

यंदाचा कागद बदलला आहे. पाळीत काम करणाऱ्याने पाळीपत्रक आणून द्यायचं, बुडालेल्या तासांचं काम त्याच आठवड्यात जोडीदाराकडून उचलायचं. खाली माझ्याही तीन ओळी आहेत: तास वेळेवर सुरू करीन, वेळेवर सोडीन, पेपर पंधरा दिवसांत तपासून देईन. त्याखाली माझी सही.

वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला.

“सर, तुम्हाला उशीर झाला तर दार कोण बंद करणार?”