जो बसवतो, तो बसतो

वडिलांची सायकल बावीस इंची, काळी, रॉडब्रेकची. ती बनवणाऱ्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनीच थांबला. ती बातमी वाचली तेव्हा मी अंगणात जाऊन सायकल पुसली होती. आजही शाळेत तिच्यावरूनच जातो.

अडचण वह्यांची. तपासायला घरी आणायच्या चाळीस वह्या म्हणजे आठ-दहा किलो सहज. हँडलला अडकवल्या की वळताना पुढचं चाक भलतीकडे ओढायचं. जुन्या कॅरियरवर ट्यूबच्या रबरानं आवळल्या तर सगळा भार उंचावर. सिग्नलला पाय टेकला की सायकल कलायची. शेवटी ठरवलं, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर लावायच्या.

"पॅनिअर म्हणजे पडशीच ना हो सर?" सायकल दुरुस्तीच्या दुकानातले मिस्त्री म्हणाले. मला तो शब्द इतका आवडला की तेव्हापासून मीही पडशीच म्हणतो.

मी आधी ॲल्युमिनियमचं एक देखणं कॅरियर मागवलं होतं. मिस्त्रींनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि परत दिलं. त्याच्या पायांना पाच मिलिमीटरच्या बोल्टची भोकं होती. नव्या सायकलींच्या चौकटीवर तेवढ्याच मापाचे आटे पाडलेले असतात. या सायकलीला ते नाहीत. "हिचं कॅरियर एक्सलवर उभं राहतं, सर. हिच्या काळात माणूस मागं बसायचा." मग नाना पेठेतून जाड सळईचं लोखंडी कॅरियर आणलं. पडशा कॅनव्हासच्या शिवून घेतल्या आणि चाकाकडच्या बाजूला पातळ प्लायवूड घातलं, म्हणजे कापड फुगून स्पोकमध्ये जायला नको.

बसवायचं काम मिस्त्रींच्या भाच्याकडे आलं. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, हाताला चपळ. जुनं कॅरियर निघालं, नवं चढलं, वरची पट्टी सीटखालच्या दांड्यांना आवळली गेली. मला सीटवर बसवून त्यानं पायडल उलटं फिरवायला लावलं आणि टाच पडशीला घासते असं दिसताच पडशी चार बोटं मागं सरकवली. फार मागंही नेली नाही, कारण भार एक्सलच्या मागं गेला की पुढचं चाक हलकं होतं. मुलाला कळत होतं सगळं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं ते अज्ञानानं झालं नाही.

दिवेलागण झाली होती. मी पाकिटाला हात घातला, तसे मिस्त्री उठले. त्या दुकानाचा एक रिवाज होता: कॅरियर जो बसवतो, तो त्यावर बसतो. मिस्त्री सायकल चालवतात, बसवणारा मागं, आणि गल्लीच्या टोकाच्या गतिरोधकावरून जाऊन परत यायचं. मगच गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे.

मिस्त्रींनी सायकल रस्त्यावर घेतली. "चल, बस."

मुलगा आला, कॅरियरला हात लावला आणि तसाच उभा राहिला. खूप वेळ नाही. पान्याला फडकं पुसावं एवढाच वेळ. पण मी वर्गात उभं राहून वीस वर्षं मुलांचे चेहरे पाहतोय. तो चेहरा मला ओळखीचा होता.

"मामा, नको."

"काय नको?"

"चेनच्या बाजूचा नट... दोन-तीनच आट्यांवर आहे."

मिस्त्री वाकले. नट घट्ट होता. पण एक्सलचं टोक नटाच्या तोंडातून बाहेर यायला हवं, ते आतच राहिलं होतं, आणि तिथं ग्रीसचा एक ठिपका होता. त्या एक्सलवर आधीच स्टँडची पट्टी होती, मडगार्डच्या तारा होत्या, त्यात या कॅरियरचे जाड पाय आले. नटाला धरायला जागाच उरली नव्हती. उपाय एकच, लांब एक्सल. त्यासाठी चाक उतरवायचं, हब उघडायचा. संध्याकाळी सातला ते कुणाला नको वाटेल.

माझ्या पोटात गोळा आला, तो ग्रीसच्या ठिपक्यामुळे. नट कमी आट्यांवर राहणं एक वेळ घाई म्हणता येईल. ठिपका बोटानं लावावा लागतो.

मिस्त्री रागावतील असं वाटलं. त्यांनी सायकल आत घेतली, खोक्यावर बसले आणि मला म्हणाले, "सर, तासभर लागेल. चहा सांगू?"

चाक उतरलं, कोन सुटले. मुलानं वर्तमानपत्र पसरून त्यावर छर्रे काढले आणि पुसून मोजले. चेनच्या बाजूचे नऊ, अलीकडचे नऊ. एक घरंगळून पाटाखाली गेला होता. तो बॅटरी लावून शोधला. ग्रीस भरलं, लांब एक्सल घातला, कोन असे जुळवले की चाक सोडलं तर झुलत झुलत व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनानं खाली येऊन थांबला. नट आवळल्यावर दोन्हीकडे टोकं स्वच्छ बाहेर दिसली. मामा-भाच्यात या सगळ्या वेळात चार शब्द झाले असतील.

मग मुलगा न सांगता कॅरियरवर बसला. दोघं गतिरोधकावरून गेले आणि परत आले. ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त मिस्त्रींनी घेतला नाही.

घरी येताना पडशांत वीस-वीस वह्या होत्या आणि सायकल सरळ चालत होती. जेवण झाल्यावर मी डावी पडशी उघडली. वरच्या आठ वह्या शाळेतच, शेवटच्या तासाला तपासून झाल्या होत्या. लाल शाईच्या बरोबरच्या खुणा, खाली सही, तारीख. त्यांतलं एकही उत्तर मी वाचलं नव्हतं.

दिवा जवळ ओढला आणि पहिल्या वहीचं पहिलं पान उघडलं.