मान कुणाचा, भार कुणाचा?

गेल्या माघात आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाची बैठक मारुतीच्या पारावर भरली होती. गाव परतूर तालुक्यातले, लहानसे. विषय एवढाच होता की काल्याच्या दिवशी कीर्तनकार महाराजांना पहिला नारळ कुणाच्या हातून द्यायचा. आजवर तो पाटलांच्या घरून, म्हणजे आमच्याच घरून दिला जाई. एक तरुण उठला आणि म्हणाला, "गावाने सरपंच निवडली आहे. मग नारळ तिच्या हातून का नाही?" पार गप्प झाला. सरपंच ताई ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या. त्या मान खाली घालून बसून राहिल्या.

माझे थोरले चुलते आबा तिथे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणाले, "तू पंढरीला चालतोस, कीर्तने ऐकतोस. मग सांग, आपला मान गेला की आपणच गेलो?"

मायबाप वाचकहो, हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून तो इथे मांडतो.

निजामाच्या राज्यात आपल्या मराठवाड्याच्या गावांत माली पाटील वसुली पाही, पोलीस पाटील बंदोबस्त पाही आणि पटवारी दप्तर सांभाळी. हे सारे वतन. बापाकडून लेकाकडे जाणारे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, पण चावडीवरचा पाटील लगेच बदलला नाही. पुढे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाची वंशपरंपरा संपली आणि ते पद नेमणुकीचे झाले. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीला राज्यघटनेचा आधार मिळाला. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायाबापड्यांसाठी राखीव झाल्या. आमच्या सरपंच ताई पारावर आल्या त्या या वाटेने.

आता न्यायाने बोलायचे तर जुन्या पाटलाच्या बाजूनेही दोन शब्द आहेत. पाटील पाच वर्षांनी निघून जाणारा नव्हता. आज केलेल्या अन्यायाचे तोंड उद्या त्याच्या नातवाला पाहावे लागे. चांगला पाटील दुष्काळात कणगी उघडी, रात्री-अपरात्री दोन भावांचा तंटा मिटवी. पण वाईट पाटील निघाला तर? त्याला विचारणारे कुणी नव्हते. आणि ज्यांच्या वाट्याला वतन म्हणून वेठ आली, त्यांची लेकरेही वेठच घेऊन जन्मली. एकाचा मान जन्माने ठरला की दुसऱ्याचा अपमानही जन्मानेच ठरतो. हे नाणे एका बाजूचे कधीच नसते.

संतांनी हे ओळखले होते. तुकोबारायांच्या घरी देहूची महाजनकी होती. त्यांनी भावाच्या वाटणीची कर्जखते भावाला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. आपल्याच जिल्ह्यातल्या जांबेत समर्थ रामदासांचा जन्म झाला, कुळकर्ण्यांच्या घरी. तेही वतन सोडून निघाले. आणि ज्यांच्या वाट्याला कोणतेच मानाचे वतन नव्हते त्या चोखोबांची समाधी आज महाद्वारासमोर आहे. पंढरीला जाणारा प्रत्येक माथा तिथे टेकतो.

पण मग परंपरेने आलेले सगळेच टाकून द्यायचे का? इथे पंढरीनेच आपल्याला दोन दाखले दिले आहेत.

पहिला दाखला देवळातला. बडवे आणि उत्पात यांचे मंदिरातले वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने संपवले. खटले वर्षानुवर्षे चालले. १५ जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम केला. विठ्ठल गेला नाही, पूजाही थांबली नाही. सेवेवरचा आणि उत्पन्नावरचा वंशपरंपरेचा हक्क तेवढा गेला.

दुसरा दाखला वाटेवरचा. माऊलींच्या पालखीपुढे चालणारे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. कुणी कायदा करून तो काढला नाही, काढावा असे कुणाला वाटलेही नाही. का? कारण त्यातल्या एका अश्वावर स्वारच बसत नाही. ती जागा माऊलींची. मानकऱ्याच्या वाट्याला येते ते घोडा सांभाळणे, दरसाल अंकलीहून आळंदीला आणणे आणि सोबत चालणे. मान आहे, पण पाठीवर बसायचे नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे निवाडा यातच आहे. सेवा वारशाने चालू शकते, सत्ता नाही. आजोबांनी लावलेले झाड नातवाने पाणी घालून जगवावे, पण सावलीत कुणी बसायचे हे त्याने ठरवू नये. गावाचा कारभार ही माऊलींची रिकामी जागा आहे. मताने निवडून आलेला माणूसही तिथे लगाम धरण्यापुरताच असतो.

हे नव्या कारभाऱ्यांनाही ऐकवले पाहिजे. नाव बाईचे आणि सही सांगणारा नवरा, एकदा बापाला निवडून दिले की मग लेक, मग सून, अशी मतपेटीतूनही पाटीलकी उगवते. तिच्यावर उपाय आहे तो ग्रामसभेचा. तिथे जाऊन हिशेब विचारणे हीसुद्धा सेवाच आहे. आषाढीला मुख्यमंत्र्यांच्या शेजारी महापूजेला कोण असते? दर्शनबारीत उभे असलेले एक साधे वारकरी जोडपे. त्यांचे घराणे कुणी विचारत नाही. ते रांगेत उभे होते, एवढी पात्रता पुरते.

आबांना मी हे सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. पटले असेही म्हणाले नाहीत. काल्याच्या दिवशी मात्र सकाळी त्यांनी आपल्या हाताने नारळ सोलला, शेंडी ठेवली, उपरण्यात गुंडाळला आणि मंडपात नेऊन सरपंच ताईंपुढे धरला. म्हणाले, "नारळ आमच्या घरचा. हात गावाचा."

ताईंनी आधी आबांच्या पायांना हात लावला, मग महाराजांना नारळ दिला. आबा पंगतीत वाढायला उभे राहिले. वरणाची बादली जड होती, तरी त्यांनी ती दुसऱ्या कुणाला घेऊ दिली नाही. तेवढा मान त्यांनी स्वतःकडे ठेवला.

राम कृष्ण हरी.