झाकली मूठ आणि हार्ड डिस्क

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण मुठीत काय आहे ते निदान मुठीच्या मालकाला तरी ठाऊक असावे की नाही, याविषयी म्हण गप्प आहे. हा नैतिक पेच मला कुठल्याही कीर्तनात नव्हे, घरच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये भेटला.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली तेव्हा तिच्यात ५० तबकड्या होत्या. प्रत्येकीचा व्यास दोन फूट, आणि एवढ्या अवाढव्य संसारात मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे! आमची डिस्क पुस्तकाएवढीसुद्धा नाही, पण स्वभाव तोच. तबकडी गरगर फिरते आणि वाचणारे हेड तिला न शिवता वर तरंगते. सोवळे मोडले की कारभार आटोपला.

परवा ती अडखळू लागली. सौ. म्हणाल्या, "अहो, तपासून तरी बघा. आईंच्या ओव्या त्यातच आहेत."

आई जाऊन सहा वर्षे झाली. आवाज तेवढा मागे राहिला आहे.

आता गंमत पाहा. डिस्कचा एखादा सेक्टर नासला तर ती बोभाटा करीत नाही. कारखान्यातूनच तिला काही राखीव सेक्टर दिलेले असतात, त्यातला एक ती मुकाट्याने पुढे करते. पाहुण्यांसमोर साखर संपली की घरची बाई मागच्या दाराने शेजारून वाटी आणते, तसे. ही फसवणूक म्हणायची की खानदानीपणा?

मी पडलो बँकेतला कारकून. आमच्याकडे कर्ज बुडणे हे पाप नव्हे, बुडीत कर्ज वहीत न दाखवणे हे पाप. त्या कसोटीला डिस्क उतरते. किती सेक्टर बदलले याचा आकडा ती स्वतःच्या वहीत लिहून ठेवते. जगापासून झाकते, पण हिशेबापासून नाही. आपल्यापैकी किती जणांना हे जमते?

मात्र वहीवरही फार विसंबू नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्क पाहून लिहिले, की बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या वहीत धोक्याची एकही खूण नव्हती. म्हणजे 'प्रकृती उत्तम' असा दाखला खिशात ठेवूनच त्या गेल्या. अशी माणसेही आपण पाहिली आहेत.

बरे, विंडोजची 'चेकडिस्क' चालवावी, तर ती आधी फायलींची नोंदवही जुळवते. नासका भाग बाजूला काढते, पण त्यातला मजकूर परत मिळेलच असे नाही. टॅली जुळली म्हणजे पैसे सापडले असे नव्हे! शिवाय पूर्ण तपासणीत डिस्कचा कानाकोपरा वाचावा लागतो. आजाऱ्याला तपासण्यासाठी पर्वती चढायला लावण्यातला हा प्रकार.

म्हणून जाणते सांगतात, आधी नक्कल, मग तपासणी. मला यात सगळे नीतिशास्त्र दिसते. संशय आला की आपण आधी उलटतपासणी घेतो, आणि जे जपायचे तेच त्या ओढाताणीत तुटते.

आधी ओव्या दुसरीकडे उतरवल्या. मग वही उघडली. बदललेले सेक्टर आठ. सौ.नी विचारले, "आठ म्हणजे फार का हो?"

म्हटले, "आकडा आज किती, याला महत्त्व नाही. तो वाढतो का, ते पाहायचे."

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी पाहतो. अजून आठच आहेत.