नऊ एकांचा वर्ग

माघातल्या सप्ताहात तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्यास आमचे कीर्तन होते. निरूपण नवविधा भक्तीचे. दृष्टान्तासाठी आम्ही एक संख्या घेतली. १ हा अंक नऊ वेळा लिहावा, १११११११११, आणि त्या संख्येस तिनेच गुणावे. येते १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढण, पुन्हा एकापर्यंत उतरण. अंकांची बेरीज ८१, म्हणजे परत नवाचाच वर्ग. लीलावतीच्या गणनेत हिची सतरा घरे 'मध्य' या स्थानापर्यंत जातात, पुढे एक परार्धच उरतो. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना अशा संख्यांचा मोठा छंद. एका रेल्वे स्टेशनावरून त्यांनी त्यांस 'डेमलो' हे नाव दिले. असो. आम्ही भरात बोलून गेलो, 'नऊ भक्तींचा महिमा देवाने अंकांतसुद्धा लिहून ठेवलाय!' टाळ कडाडले.

सकाळी शाळेत जाणारी एक मुलगी वही घेऊन आली. 'महाराज, दहा एक घेतले तर?' करून पाहिले. आले १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला, मधे दोन शून्ये. पोर म्हणाली, 'मग दहाव्याला देवानं का सोडलं?'

आम्ही गप्प. मग तिच्याच वहीत गुणाकार मांडला. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मधल्या उभ्या रांगेत नऊ एक, दोन्ही कडांना एकेक कमी होत जाणारे. चढण-उतरण ती एवढीच. दहा एक घेतले की मधली बेरीज दहा होते, हातचा शेजारच्या नवावर जातो, त्याचे दहा होतात, तिथला हातचा आठावर जातो, आठाचे नऊ होतात. बाराबाराचे गट करून मोजणारे लोक असते, तर त्यांची चढण अकरा एकांपर्यंत टिकली असती. म्हणजे नवाचा तो महिमा आमच्या दहा बोटांचा!

परंतु एक गोष्ट बोटांवर अवलंबून नाही. तेवढे तुळशीचे मणी घ्या, चौरस मांडा, एकही मणी उरायचा नाही. दहाने मोजा, बाराने मोजा, आकडा मुळीच लिहू नका. चौरस तो चौरसच. छांदोग्यातील मातीचा आणि मडक्याचा दृष्टान्त आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो. नामरूप कोणते आणि वस्तू कोणती, हे त्या दिवशी वहीत पाहिले.

आमचे एक स्नेही म्हणाले, 'श्रोत्यांचा भाव वाढला ना? मग झालं.' आम्हांस हे पटत नाही. दृष्टान्त समजावण्यापुरता असतो. त्याला पुरावा म्हणून उभा केला की ती फसवणूक होते, मग हेतू कितीही चांगला असो. श्रोता आमच्यापुढे वही घेऊन बसत नाही, विश्वास घेऊन बसतो. दहाव्या एकाने डळमळणारी श्रद्धा आम्ही नवव्यावर का उभी करावी?

पुढच्या एकादशीस भोरला कीर्तन होते. तीच संख्या सांगितली, दहा एकांचा गुणाकारही सांगितला, आणि वेल्ह्यास चुकलो होतो तेही. टाळ काही तेवढे कडाडले नाहीत. आरतीनंतर एक म्हातारे वारकरी जवळ आले आणि मण्यांचे पुन्हा विचारू लागले, ओळी किती, ओळीत मणी किती. आम्ही सांगितले, दोन्ही सारखेच, अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. गळ्यातली माळ चाचपत ते बराच वेळ तिथेच बसून राहिले.