संशयाएवढंच कुलूप

एका तालुक्याच्या गावी भुसार मालाचं दुकान होतं. एकदा एका अनोळखी गिऱ्हाइकाने ४,२०० रुपयांचा तांदूळ नेला आणि क्यूआर कोड स्कॅन करून पैसे दिले. दुकानदाराने सवयीप्रमाणे पावती फाडली, कार्बनची प्रत बुकात राहिली.

चार दिवसांनी घाऊक व्यापाऱ्याला दिलेला चेक परत आला. दुकानदार बँकेत धावला. "खातं गोठवलंय. सायबर पोलिसांचं पत्र आहे," मॅनेजर म्हणाले. खात्यात ३ लाख होते. हमालांची मजुरीसुद्धा त्यातच अडकली.

"मी काय चोर आहे?" दुकानदार वकिलांपुढे कडाडला.

"तसं कोणी म्हटलेलं नाही, शेठ. ही शिक्षा नव्हे, राखण आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पोलिसांना संशयित मालमत्ता ताब्यात घेता येते. बँकेतलं खातं हीसुद्धा मालमत्ताच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितलंय. पण पोलिसांना ते मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. आपण तिथेच अर्ज करू. पावती आहे ना?"

कोर्टाच्या बाकावर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. "फोनवरून गंडवलं हो. पेन्शनचे साठवलेले पैसे गेले. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली म्हणून थोडे तरी अडले. त्यातले काही कुठल्याशा भुसाराच्या दुकानात गेले म्हणे."

दुकानदार चपापला. त्याचा राग निम्मा तिथेच ओसरला.

मॅजिस्ट्रेटांनी तपास अधिकाऱ्याला विचारलं, "संशय किती रकमेवर?"

"४,२०० वर, साहेब."

"मग ३ लाख कशाला अडवले?"

"घाईत सगळं खातंच बंद करायला कळवलं, साहेब."

पावतीची प्रत पाहून आदेश झाला : ४,२०० रुपये राखून ठेवा, बाकी खातं मोकळं करा.

"तांदूळही गेला आणि त्याचे पैसेही अडले. चालेल ना?" बाहेर येताना वकिलांनी विचारलं.

"तेवढ्यासाठी मी निकालापर्यंत थांबेन," दुकानदार म्हणाला. "हमालांच्या घरची चूल थांबत नाही."

तात्पर्य : चोरीचा पैसा अडवायला कुलूप झटपट लावावं, पण संशयाएवढंच लावावं.