सुट्टी आपली, विसावा कोणाचा?



मे महिन्यात आम्ही आठ दिवस गंगापूर रोडला धाकट्या बहिणीकडे राहून आलो. पहाटे सोमेश्वरच्या बाजूने गोदावरीच्या काठाकाठाने फेरी मारावी, घरी येऊन चहा घ्यावा आणि पुस्तक उघडावे, असा आमचा दिनक्रम होता. बहीण शिक्षिका, तेव्हा तिलाही सुट्टीच होती. आईची जुनी लुगडी एकावर एक अंथरून ती गोधडी शिवत बसे. काठापासून आत आत जाणारा धावदोरा, ओळीमागून ओळ. दिवसभरात वीतभर काम झाले तरी तिला घाई नव्हती. मनाला खरोखर विसावा मिळाला.

पाचव्या दिवशी भांडी घासायला येणाऱ्या मावशी घटकाभर गोधडीपाशी टेकल्या. सुई घेऊन त्यांनी चारसहा टाके घातले. ते बहिणीच्या टाक्यांहून बारीक आणि सरळ होते. मावशी रात्री घरी पैशांवर गोधड्या शिवून देतात, हे आम्हांला तेव्हा कळले. हसत हसत त्या म्हणाल्या, “ताई, तुमचं बरं आहे. कंटाळा आला की सुई खोचून ठेवता. माझं गिऱ्हाईक सकाळी दारात उभं राहतं.” एवढे बोलून त्या मोरीकडे गेल्या. तेथे आमच्या पाहुणचाराची भांडी पडली होती. आम्ही सुट्टीवर आल्यामुळे त्यांचे काम वाढले होते, आणि पाच दिवसांत ते आमच्या ध्यानातही आले नव्हते.

कापड तेच, टाका तोच. मग एकीसाठी तो विरंगुळा आणि दुसरीसाठी कष्ट का? फरक कामात नाही. सुई खाली ठेवण्याची मोकळीक कोणाला आहे, यात फरक आहे.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. आपण काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून, असे त्याचे म्हणणे. ‘स्कूल’ हा शब्दसुद्धा फुरसत या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. विचार मोठा आहे. परंतु त्या फुरसतीखाली गुलामांचे कष्ट होते. गुलामाला ॲरिस्टॉटल जिवंत अवजार म्हणतो. अवजाराला कसली आली सुट्टी?

पवित्र शास्त्र येथे वेगळी वाट धरते. तिसरी आज्ञा आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. निर्गमाच्या पुस्तकात तिचे कारण देवाचा सातव्या दिवसाचा विसावा हे आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मात्र दुसरेच कारण येते: तू मिसर देशात गुलाम होतास, हे विसरू नकोस, तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळू दे. ‘तुझ्याप्रमाणे’ या शब्दाने मालकाचा आणि चाकराचा विसावा एकाच मापाने मोजला आहे. ज्या विसाव्यात घरातले चाकर राबतच राहतात, तो शब्बाथ नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या रविवारच्या विसाव्याचा आग्रह धरला. विसावा ही मालकाची मेहेरबानी नाही, हे एव्हाना आपल्या अंगवळणी पडायला हवे होते. परंतु गिरणीच्या दारात मान्य झालेली ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघराच्या दारात अजून अडते.

सुट्टीत आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचत होतो. १८६८ साली येथून जवळच जलालपूरला जन्मलेल्या या बाईंच्या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला, म्हणजे वयाची पासष्टी उलटल्यावर. आयुष्य संसार ओढण्यात गेले आणि एवढे मोठे पुस्तक उतारवयात आले. ज्या बायांना उतारवयातही हात रिकामे मिळाले नाहीत, त्यांची किती पुस्तके मनातच राहिली असतील?

मग सुट्टी घेणे पाप आहे का? मुळीच नाही. बहिणीने गोधडी शिवावी, आपण नदीकाठी फिरावे, मुलांनी झोपाळ्यावर पुस्तके वाचावीत. विसावा ही देवाची देणगी आहे. प्रश्न एवढाच, की ती आपण एकट्यानेच ठेवून घ्यायची का?

काहीजण म्हणतील, “फादर, सुट्टी दिली तर बाई त्या दिवशी दुसरीकडे काम धरेल.” धरीलही कदाचित. तसे असेल तर पगार पुरत नाही, असा त्याचा अर्थ होतो. सुट्टी नको, असा होत नाही.

दुसऱ्यांना सांगण्याआधी आम्ही स्वतःकडे पाहिले. रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे लोकांची ये-जा असते, आणि प्रभूच्या दिवशीच आमचा स्वयंपाकी सर्वांत जास्त राबतो. मिस्सालाही तो धावतपळत येतो आणि मागे उभा राहतो. जूनपासून त्याला रविवारी पगारी सुट्टी दिली आहे. त्या दिवशी आम्ही खिचडी करतो. दोनदा करपली. पाहुण्यांनी ती निमूटपणे खाल्ली.

बहिणीनेही मावशींना आठवड्याची पगारी सुट्टी सुरू केली. पहिल्या सुट्टीला त्यांनी काय केले, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “काही नाही, फादर. झोपले.”

या आठवड्यात आपल्या घरी कोण कोण राबते, त्यांची नावे एका कागदावर लिहा. त्यात घरच्या आईचे नाव विसरू नका. प्रत्येक नावापुढे तिच्या विसाव्याचा वार लिहा. जिथे वार लिहिता येणार नाही, तेथून सुरुवात करा.

आपले धर्मगुरू