शब्द कोणाचा धरायचा?

औषधांच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीवर निदान सात माणसं हवीत, असा 2019 चा नियम आहे. त्यातल्या एका जागेवर समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक चालतो. त्या जागेवर मी बसतो. जन्मभर न्यायदर्शन शिकवलं; सरकारदरबारी त्याला खुर्ची आहे, हे निवृत्त झाल्यावर कळलं.

मधुमेहाने नसा बिघडलेल्या रुग्णांसाठीच्या एका औषधाची फाइल आली होती. तळपायांची आग, रात्रभर मुंग्या. हे दुखणं मोजायचं कसं, तर विचारायचं: शून्य ते दहात आज किती? रुग्ण म्हणाला सात, की सात. पडताळायला ना रक्ताची तपासणी, ना एक्स-रे. एका वकील सदस्यांनी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे पेशंट बोलेल ते खरं?"

मी म्हटलं, हो. नैयायिकांच्या मते दुःख ज्याचं त्याला मनानेच थेट कळतं. बाकीच्यांच्या हाती कण्हण्यावरून, चेहऱ्यावरून केलेलं अनुमान. तेव्हा इथे खरा आधार शब्दप्रमाणाचा, म्हणजे भरवशाच्या माणसाच्या सांगण्याचा. ज्याचा शब्द धरायचा त्या आप्ताला न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन दोन अटी घालतो: गोष्ट त्याने स्वतः जाणलेली असावी, आणि जाणली तशी सांगायची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो सांगतो. मग मार्केट यार्डातल्या हमालालाही लागू.

पहिल्या अटीत रुग्णाला तोड नाही. गोम दुसरीत आहे. अशा चाचणीत घ्यायला बहुधा निदान चार आकडा लागतो. मग फुकट औषधाच्या आशेने तीनाचे पाच होतात, आणि पुढे डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून पाचाचे तीन. आपली माणसं भिडस्त. पण चाचणीत तुलनेसाठी दिलेल्या बनावट औषधाने बरं वाटलं म्हणणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार नाही. 1978 साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. अफूच्या जातीच्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन दिल्यावर बनावट औषधाने मिळालेला आराम नाहीसा झाला. म्हणजे शरीर आतून स्वतःचं वेदनाशामक सोडत होतं. औषध खोटं होतं, साक्ष खरी होती.

अपस्माराच्या फाइलीने मात्र माझी पंचाईत केली. तिथे महिन्यात फिट किती आल्या ते मोजतात, आणि आलेली फिट पुष्कळदा ज्याची त्यालाच ठाऊक नसते. बॉनमध्ये व्हिडिओ-ईईजीखाली ठेवलेल्या रुग्णांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. निम्म्याहून अधिक फिट रुग्णांनी नोंदवल्याच नव्हत्या, आणि रोज आठवण करून दिलेल्यांचीही तीच गत. दुःख ज्याचं, तोच पहिल्या अटीत नापास! मग आप्त कोण? आई, नवरा, शेजारी झोपणारी बहीण. म्हणजे इथे दुसऱ्याचं अनुमानच वरचढ.

आणि त्यांची दुसरी अट? 1999 ची दुरुस्ती होईपर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके हे लग्न रद्द करून घ्यायला कारण होतं. कलम गेलं, धास्ती गेली नाही. लग्नाची मुलगी असलेली आई डायरीत तीनाच्या जागी एक लिहीत असेल, तर तिला खोटं बोलणारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तो आकडा धरताही येत नाही. मी एवढंच सुचवलं, की प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी पाहिली, याचा रकाना ठेवा, आणि डायरी घरातल्या इतरांच्या हाती पडणार नाही अशी सोय करा.

समितीतले तरुण न्यूरॉलॉजिस्ट हसले. "सर, लवकरच मनगटावरचं यंत्र मोजेल. कोणाच्या शब्दाची गरजच उरणार नाही."

हातपाय झाडले तर ते यंत्राला कळेल, हे मान्य. पण काही फिटमध्ये माणूस नुसता थबकतो, हातातला घास हातात राहतो, नजर कुठेतरी लागते. ती कोण मोजणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ती घरच्यांनीच सांगायची."